अंगठा, अक्षर आणि मत

तुम्ही आपले नाव पहिल्यांदा लिहिले, तो दिवस आठवा.

पाटीवर बाईंनी अक्षर काढून दिले. तुम्ही त्यावरून गिरवले. कुऱ्हाड, खुरपे सहज चालवणारा हात, पण एवढीशी पेन्सिल धरताना घाम फुटला. मग एके दिवशी न गिरवता नाव उमटले. ते घरी जाऊन तुम्ही कुणाला तरी दाखवलेच असेल.

आज आपण ज्यांची हकिगत वाचणार आहोत, ती माणसेही अशीच होती. शेतात राबणारी, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी. वय झाल्यावर ती गिरवायला बसली. पण त्यांच्यापुढे एक मोठी अडचण होती. त्यांच्या राज्याचा नियम होता की, वाचता येईल त्यालाच मत देता येईल. आणि त्यांना वाचायला शिकवायला मात्र कोणी तयार नव्हते.

म्हणजे विहिरीवर पहारा बसवायचा आणि वर विचारायचे, तू तहानलेला का?

कायदा झाला, पण पदरात काही पडले नाही

ही हकिगत अमेरिका देशातली आहे. हा देश आपल्यापासून फार दूर, सात समुद्रांपलीकडे आहे.

तिथे गोरे लोक युरोपातून गेले. त्यांच्या आधीपासून तिथे राहणारे मूळचे लोक होते. त्यांच्या अनेक जमाती आहेत. आपल्याकडे जसे वारली, गोंड, कातकरी, भिल्ल, तसे त्यांच्यात नावाहो, याव्हापाय, पुएब्लो असे नाना लोक. त्यांच्या जमिनी गेल्या. त्यांना राखीव प्रदेश नेमून देण्यात आले.

तिसरे लोक काळ्या वर्णाचे. ते आपण होऊन तिथे गेले नाहीत. आफ्रिकेतून त्यांना जहाजांत कोंबून आणले आणि बाजारात गुरे विकतात तसे विकले. त्यांना गुलाम म्हणत. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांच्याकडून कापूस, तंबाखू, भात पिकवून घेत. तिथल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. मालकाला माहीत होते, जो वाचेल तो विचारील.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. १८७० साली देशाच्या घटनेत दुरुस्ती झाली. माणसाच्या रंगामुळे किंवा तो पूर्वी गुलाम होता म्हणून त्याचे मत हिरावता येणार नाही, असे लिहिले गेले. त्या वेळी हे मत फक्त पुरुषांना होते. तिथल्या बायकांना देशभर मत मिळाले ते १९२० साली.

कायदा चांगला होता. काही वर्षे काळ्या पुरुषांनी मतेही दिली. पण दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांना ते सलू लागले. रंगावरून मत नाकारता येत नाही, मग काय करावे? त्यांनी रंगाचे नावच घेतले नाही. १८९० पासून एकेका राज्याने दुसऱ्याच अटी घातल्या.

पहिली अट डोईपट्टीची. मत द्यायचे तर आधी पट्टी भरा. गरिबाने ती कुठून भरावी?

दुसरी अट परीक्षेची. कचेरीत जा, राज्याच्या घटनेतले कलम वाचून दाखवा. काही ठिकाणी त्याचा अर्थही सांगा. कोणते कलम द्यायचे ते कारकून ठरवणार. उत्तर बरोबर की चूक, तेही तोच ठरवणार.

वाचता न येणारे गोरेही पुष्कळ होते. त्यांचे काय? त्यांच्यासाठी काही राज्यांनी सवलत ठेवली. ज्याचा बाप किंवा आजा पूर्वी मतदार होता, त्याला परीक्षा माफ! काळ्या माणसाचा आजा तर गुलाम होता. तो मतदार कुठून असणार? ही सवलत १९१५ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली. पण परीक्षा राहिली आणि कारकूनही राहिला. गोऱ्याला सोपे कलम, काळ्याला अवघड, असा कारभार चालू राहिला.

कागदावर सर्वांना मत. कचेरीच्या दारात मात्र अडवणूक.

बसमधला वर्ग

अमेरिकेच्या दक्षिणेत दक्षिण कॅरोलायना नावाचे राज्य आहे. तिथे समुद्रकाठी चार्ल्स्टन हे शहर आहे आणि शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. बेटावर बहुतेक वस्ती काळ्या शेतकऱ्यांची. त्यांची बोलीही निराळी. शहरातले लोक तिला हसत.

या बेटावर इसॉ जेंकिन्स नावाचे गृहस्थ होते. ते स्वतः फार शिकलेले नव्हते, पण धडपडे होते. बेटावरच्या लोकांना कामाला शहरात न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, यासाठी त्यांनी बस चालवली.

एके दिवशी बसमधून जाणाऱ्या अ‍ॅलिस वाइन नावाच्या बाईंनी त्यांच्याजवळ मन मोकळे केले. मला वाचता येत नाही, पण मत द्यायची फार इच्छा आहे. मला कोणी शिकवील का?

जेंकिन्स यांनी घटनेतली कलमे आणि मतदानाचे नियम कागदावर छापून घेतले आणि बसमधल्या लोकांना वाटले. जाता-येता ते त्यांचा अर्थ समजावून सांगत. बस म्हणजे त्यांची चालती शाळाच झाली.

अ‍ॅलिस वाइन यांनी ते कलम ऐकून ऐकून पाठ केले. आपल्याकडच्या आजीबाईंना नाही का, अक्षरओळख नसतानाही शेकडो ओव्या पाठ असतात? तसेच. कचेरीत जाऊन त्यांनी ते घडाघडा म्हणून दाखवले आणि यादीत नाव लागले.

पण त्यांचे समाधान झाले नाही. पाठ केलेले वेगळे आणि वाचता येणे वेगळे. त्यांना खरेच वाचायला शिकायचे होते. आणि त्यांच्यासारखे कितीतरी होते. बसमधली घटकाभर शिकवणी त्यांना पुरणार नव्हती.

नोकरी गेली, पण हिंमत नाही

चार्ल्स्टन शहरात सेप्टिमा क्लार्क नावाच्या शिक्षिका होत्या. जन्म १८९८ सालचा. त्याही काळ्या समाजातल्या. वयाच्या अठराव्या वर्षी, १९१६ साली, त्या याच जॉन्स आयलंडवर शिकवायला गेल्या. कारण त्या वेळी चार्ल्स्टन शहराच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना नेमतच नसत. बेटावर दिवसा त्या मुलांना शिकवीत आणि रात्री मोठ्या माणसांना.

पुढे त्यांनी चाळीस वर्षे नोकरी केली. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी एक मोठी संस्था होती. तिच्या त्या सभासद होत्या. १९५६ साली राज्याने कायदा केला की, सरकारी नोकराने या संस्थेचे सभासद राहू नये. सेप्टिमाबाईंना सांगण्यात आले, संस्था सोडा नाहीतर नोकरी सोडा.

त्यांनी संस्था सोडली नाही. मग नोकरी गेली आणि त्याबरोबर म्हातारपणीचे निवृत्तिवेतनही गेले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते.

दुसरे कोणी असते तर घरी बसले असते. सेप्टिमाबाई टेनेसी राज्यातल्या हायलँडर या लोकशाळेत कामाला गेल्या. तिथे काळे आणि गोरे एका पंगतीत जेवत, एका वर्गात बसत. त्या काळी दक्षिणेत ही फार धाडसाची गोष्ट होती. जेंकिन्सही तिथे जाऊन आले होते. आमच्या बेटावर मोठ्या माणसांची शाळा हवी, असा त्यांनी तिथे आग्रह धरला होता. आता त्याला सेप्टिमाबाईंची जोड मिळाली.

दुकानामागची शाळा

शाळेसाठी जागा कोण देणार? बेटावरच्या शाळेने दिली नाही, देवळाने दिली नाही. सगळ्यांना भीती वाटत होती. गोऱ्या लोकांना कळले तर काय करतील?

तेव्हा बेटकऱ्यांनी जुन्या शाळेची एक पडकी इमारत विकत घ्यायचे ठरवले. हायलँडरने १,५०० डॉलर उसने दिले. डॉलर हे तिथले नाणे. इमारतीच्या पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान काढले आणि मागच्या खोल्यांत वर्ग. येणाऱ्याला वाटावे, लोक मीठ-साखर घ्यायला चालले आहेत. दुकानाच्या नफ्यातून कर्जही फेडायचे होते.

शिकवणार कोण? सेप्टिमाबाईंनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना गळ घातली. बर्निसबाई शिक्षिका नव्हत्या. त्या केस विंचरण्या-सजवण्याचा धंदा करीत आणि शिवणकाम करीत. त्यांनी आधी नाहीच म्हटले. पण सेप्टिमाबाईंना हेच हवे होते. शिकलेला मास्तर अडाणी माणसाला नकळत तुच्छ लेखतो. बर्निसबाई तसे करणार नाहीत, याची त्यांना खात्री होती.

७ जानेवारी १९५७ रोजी वर्ग सुरू झाला. पहिले विद्यार्थी १४. आठवड्यातून दोन रात्री वर्ग भरे. थंडीचे दिवस निवडले, कारण तेव्हा शेतात काम कमी असते.

बर्निसबाईंनी पहिल्या दिवशी लहान मुलांची पुस्तके नेली होती. ती त्यांनी लगेच बाजूला ठेवली. नातवंडे असलेल्या माणसांना बालवाचन देणे त्यांना बरे वाटले नाही. त्यांनी सरळ विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे?

लोकांनी सांगितले. आम्हाला आपले नाव लिहायचे आहे. बायबल वाचायचे आहे. दुकानाला मालाची मागणी पाठवायचा छापील कागद भरायचा आहे. मनिऑर्डर करायची आहे. आणि मतदाराच्या नोंदीसाठी लागते ते कलम वाचायचे आहे.

झाले! तेच त्यांचे पाठ्यपुस्तक ठरले. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे नाव मोठ्या अक्षरात लिहून दिले. त्यावरून तो पुन्हा पुन्हा गिरवी. घरच्या हिशेबावरून गणित. कुंपणाला तार किती लागेल, गाडीला तेल किती लागेल, अशी उदाहरणे. आणि फळ्यावर घटनेतले कठीण शब्द, एकेक सोडवून.

वर्गात पासष्ट वर्षांची एक बाई होती. एके दिवशी फळ्यावर सगळ्यांची नावे लिहिली होती. ती उठली, फळ्याजवळ गेली आणि आपले नाव तिने बोटाने दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपले नाव ओळखले होते. त्या दिवशी अंगावर काटा आला, असे बर्निसबाई पुढे सांगत.

वर्गातल्या माणसांची नावे मतदारयादीत लागू लागली. जवळच्या बेटांवरून बोलावणी आली. आमच्याकडेही वर्ग काढा! या वर्गांना नाव पडले नागरिक शाळा. १९६१ पासून हे काम डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेने हाती घेतले. गावोगावची माणसे जॉर्जिया राज्यातल्या एका केंद्रात येत, काही दिवस राहत, शिकवायला शिकत आणि आपापल्या गावी जाऊन वर्ग काढत. कोणी शेतकरी, कोणी स्वयंपाकीण, कोणी न्हावी. पाहता पाहता दक्षिणेत असे शेकडो वर्ग झाले.

वाचता येत होते, तरी नापास

आता तुम्ही म्हणाल, वाचायला शिकले की परीक्षा पास, मग लढाई संपली.

नाही. इथेच खरी मेख होती. फॅनी लू हेमर यांची गोष्ट ऐका.

मिसिसिपी राज्यात रूलव्हिल नावाचे गाव आहे. तिथे हेमरबाई कापसाच्या मळ्यावर काम करीत. त्या आईबापांचे विसावे लेकरू. सहाव्या वर्षापासून कापूस वेचीत आलेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत होते. मळ्यावर मजुरांच्या हजेरीचा हिशेबही त्या ठेवीत.

मत हा आपलाही हक्क आहे, हे त्यांना वयाच्या ४४ व्या वर्षी, १९६२ साली, एका सभेत कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी गावातली १८ माणसे बस करून नोंदणीच्या कचेरीत गेली. त्यांत हेमरबाई होत्या. मिसिसिपीच्या घटनेत २८५ कलमे. कारकुनाने त्यांतले एक अवघड कलम काढले. त्यांनी ते लिहून काढले. पण अर्थ सांगा म्हटल्यावर त्या अडल्या. ते कलम वकिलालाही चटकन सांगता आले नसते.

परतताना पोलिसांनी बस अडवली. कारण काय, तर बसचा रंग फार पिवळा आहे! म्हणून दंड.

घरी पोचतात तो मळ्याचा मालक दारात. नोंदणीचा अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. हेमरबाईंनी उत्तर दिले की, मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी नाव नोंदवायला गेले होते. अठरा वर्षे राबलेला मळा त्यांना त्याच रात्री सोडावा लागला. नवऱ्याला मात्र कापूस निघेपर्यंत मालकाने ठेवून घेतले. काही दिवसांनी, त्या ज्या घरी आसऱ्याला होत्या त्या घरावर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या.

त्यांनी दुसऱ्यांदा परीक्षा दिली, तिसऱ्यांदाही द्यायची तयारी ठेवली. कारकुनाला त्यांनी सांगून ठेवले होते की, पास होईपर्यंत मी येत राहीन. जानेवारी १९६३ मध्ये त्या पास झाल्याचे कळले.

त्याच वर्षी जून महिन्यात त्या नागरिक शाळेच्या शिक्षणवर्गाहून परत येत होत्या. वाटेत विनोना गावी पोलिसांनी त्यांना आणि सोबतच्यांना पकडले. तुरुंगात त्यांना इतके मारले की मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. गुन्हा काय? हक्काचे शिकून येत होत्या.

१९६४ साली त्यांनी हे सारे एका राजकीय पक्षाच्या देशव्यापी अधिवेशनात सांगितले. दूरचित्रवाणीवर सगळ्या देशाने ते ऐकले.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. ती परीक्षा अक्षरांची नव्हतीच. ज्याला नापास करायचे ठरलेलेच आहे, तो कितीही शिकला तरी नापासच. म्हणून एकट्याने शिकून भागत नाही. नियमच बदलावा लागतो. आणि नियम बदलायला पुष्कळांनी एकत्र यावे लागते.

१९६५ चा कायदा

लोक एकत्र आले. सभा झाल्या, मोर्चे निघाले. १९६४ साली नागरी हक्कांचा मोठा कायदा झाला. खाणावळी, हॉटेले, नोकऱ्या यांत वर्णभेद करायला बंदी झाली. पण मताचा प्रश्न पुरता सुटला नव्हता.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावातून लोक मताच्या हक्कासाठी पायी निघाले. गावाबाहेरच्या पुलावर पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपले, अश्रुधूर सोडला. लोकांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. त्याची चित्रे देशभर दिसली. लोकांना लाज वाटली, राग आला.

६ ऑगस्ट १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्काच्या कायद्यावर सही केली.

या कायद्याने तीन मोठ्या गोष्टी केल्या. एक, जिथे अडवणूक होत होती त्या राज्यांत वाचनाची परीक्षा बंद केली. दोन, कारकून नाव घेत नसेल तर देशाच्या सरकारचा माणूस येऊन नाव नोंदवील, असे ठरवले. तीन, या राज्यांना मतदानाचे नियम बदलायचे असतील तर आधी वरून परवानगी घ्यावी लागेल, असे बंधन घातले. म्हणजे एक कुलूप काढले की दुसरे लावायचे, हा डाव बंद झाला.

फळ लगेच दिसले. मिसिसिपी राज्यात १९६५ च्या आधी मत देण्याच्या वयाच्या दर १०० काळ्या लोकांत ७ जणांचीही नावे यादीत नव्हती. १९६७ पर्यंत १०० पैकी जवळजवळ ६० जणांची नावे लागली. माणसे तीच, त्यांचे शिक्षणही तेवढेच. फक्त दारातला पहारा उठला.

आणि सेप्टिमाबाई? ज्या चार्ल्स्टनमध्ये त्यांची नोकरी गेली, तिथल्याच शाळा मंडळावर त्या १९७५ साली निवडून आल्या. पुढच्या वर्षी त्यांचे निवृत्तिवेतनही सुरू झाले. तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या.

मूळच्या लोकांची गोष्ट

ज्यांची मुळात ती भूमी, त्या आदिवासींची गत याहून अजब होती. त्या सर्वांना देशाचे नागरिक म्हणून मान्यता मिळाली ती १९२४ साली! आणि तरीही काही राज्यांनी त्यांना मत दिले नाही.

न्यू मेक्सिको राज्यातल्या इस्लेटा गावचे मिगेल त्रुहियो हे शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. १९४८ साली ते नाव नोंदवायला गेले. कारकून म्हणाला, राखीव प्रदेशातले आदिवासी जमिनीचा कर भरत नाहीत, म्हणून त्यांना मत नाही. त्रुहियो इतर कर भरतच होते. ते न्यायालयात गेले. न्यायालयाने म्हटले, कर न भरणाऱ्या दुसऱ्या कोणाचे मत तुम्ही नाकारत नाही, मग यांचेच का? ऑगस्ट १९४८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

शेजारच्या अ‍ॅरिझोना राज्यात आदिवासींना सरकारच्या पालकत्वाखालचे, म्हणजे अजाण लेकरांसारखे, मानत. फ्रँक हॅरिसन हे याव्हापाय जमातीचे होते. तेही युद्धावरून आलेले सैनिक. त्यांनी आणि त्यांच्या जमातीच्या हॅरी ऑस्टिन यांनी दावा लावला. १९४८ सालीच तोही नियम मोडला. ज्याच्या हाती बंदूक देऊन रणांगणावर पाठवता, त्याला मत देताना लेकरू कसे म्हणता?

पण अ‍ॅरिझोनात अजून एक अडसर होता. मतदाराला इंग्रजी वाचता आले पाहिजे. नावाहो लोकांची भाषा वेगळी. महायुद्धात नावाहो सैनिकांनी याच भाषेतून गुप्त निरोप पाठवले. शत्रूला ते शेवटपर्यंत उलगडले नाहीत. ही भाषा लढाईत देशाच्या कामी आली. पण घरी फक्त तीच भाषा जाणणाऱ्या म्हाताऱ्या नावाहो माणसाला मत देता येईना.

१९७० साली ही परीक्षा साऱ्या देशात काही वर्षांपुरती आणि १९७५ साली कायमची बंद झाली. १९७५ च्या दुरुस्तीत आणखी एक मोलाची गोष्ट आली. जिथे दुसरी भाषा बोलणारे लोक पुरेसे आहेत, तिथे मतदानाची माहिती त्यांच्या भाषेत द्यायची. भाषा मुख्यतः बोलीच असेल, तर तोंडी समजावून सांगायची. आधी म्हणत होते, आमची भाषा शिकून या. आता सरकारलाच लोकांच्या भाषेत बोलावे लागले.

ही लढाई एकदा जिंकली की संपत नाही, हेही जाणून घ्या. नियम बदलण्याआधी परवानगी घ्या, असे जे बंधन होते, ते कोणत्या राज्यांना लागू करायचे हे ठरवणारे कलम २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. त्यामुळे ते बंधन निष्प्रभ झाले. बांध घातला तरी दर पावसाळ्याला तो पाहावा लागतो. हक्काचेही तसेच आहे.

आपल्याकडे काय झाले?

इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडेही मत सर्वांना नव्हते. कर भरणारा, मालमत्ता असलेला किंवा शिकलेला, अशालाच मत. अडाणी माणसाला मत कशाला, असे पुष्कळ शहाणे लोक म्हणत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी शिकलेले होते. सायमन कमिशनच्या वेळी, १९२८-२९ साली, त्यांनी सर्व प्रौढ माणसांना मत द्या, अशी मागणी केली. निरक्षर माणूस म्हणजे निर्बुद्ध माणूस, असे समजणे चूक आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले.

आपली घटना १९५० साली लागू झाली. तिच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले. वर्ण, जात, धर्म, बाई-पुरुष, शिक्षण, संपत्ती, कशाचीच अट नाही. तेव्हा वय २१ होते, १९८९ पासून १८ झाले.

१९५१-५२ साली पहिली मोठी निवडणूक झाली. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. देशात १०० पैकी ८० हून अधिक माणसांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चित्र लावले. चित्र पाहा आणि मत टाका. लोकांना नापास करण्यापेक्षा निवडणुकीची रीतच सोपी केली.

तरीही एक उणीव राहिली. अनेक बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. नाव नसेल तर यादीत लिहिणार काय? सुमारे २८ लाख बायकांची नावे त्यामुळे गाळावी लागली. कायद्याने हक्क दिला होता, पण नाव नसल्यामुळे तो हाती आला नाही.

आता तुमच्या पाटीवरचे ते पहिले अक्षर पुन्हा आठवा. आपले नाव आपण सांगणे, लिहिणे, ओळखणे, ही लहान गोष्ट नाही.

तुम्हाला मत मिळाले ते तुम्ही वाचता म्हणून नाही. तुम्ही या देशाचे माणूस आहात म्हणून. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याचेही मत तुमच्या मताएवढेच वजनाचे आहे. अंगठा उठवणाऱ्याला कोणी हिणवले तर त्याला हे सांगा.

पण वाचता येऊ लागले की हक्क राखता येतो. म्हणून पुढची गोष्ट करा. मतदारयादी लागेल तेव्हा स्वतः जाऊन वाचा. आपले नाव, वय, पत्ता बरोबर आहे का पाहा. नाव नसेल तर ६ नंबरचा फॉर्म भरा. चूक असेल तर ८ नंबरचा फॉर्म भरा. मग शेजारच्या घरचे, पाड्यावरचे, वाडीतले नाव वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याचे आधी वाचा.

बर्निसबाई शिक्षिका नव्हत्या. तरी त्यांच्या वर्गातून माणसे उभी राहिली. तुम्हीही चार अक्षरे शिकला आहात. ती आणखी एकाला शिकवा.

नवे शब्द

नागरी हक्क : देशाचा रहिवासी म्हणून प्रत्येकाला सारखे मिळणारे हक्क.
वर्णभेद : कातडीच्या रंगावरून माणसाला उच्च-नीच मानणे.
घटना : देशाचा किंवा राज्याचा पायाभूत कायदा.
डोईपट्टी : दर माणशी बसवलेला कर.
मतदारयादी : ज्यांना मत देता येते त्यांच्या नावांची यादी.

प्रश्न

१. गुलामांना वाचायला शिकवणे गुन्हा का ठरवले होते?
२. बर्निसबाईंनी लहान मुलांची पुस्तके बाजूला का ठेवली?
३. हेमरबाईंना वाचता येत होते, तरी त्या नापास का झाल्या?
४. त्रुहियो यांना मत नाकारताना कोणते कारण सांगितले? न्यायालय काय म्हणाले?
५. आपल्या पहिल्या निवडणुकीत वाचता न येणाऱ्यांनी मत कसे दिले?
६. तुमच्या घरातल्या सर्व मोठ्या माणसांची नावे मतदारयादीत आहेत का? पाहून या आणि वहीत लिहा.